हातावरची बाकी

आमच्या क्लासमध्ये भागाकाराची बाकी वहीत लिहायची नसायची, हातावर घ्यायची असायची. कुणाला ही गंमत वाटत असेल तर वाटू दे. मला दहा वर्षांनंतरही वाटत नाही, आणि वाटावी अशी माझी इच्छाही नाही.

क्लास दहावीच्या गणिताचा. यंत्रमागाच्या शेडवर बांधलेली पत्र्याची खोली होती. खाली माग चालू असले की फरशी थरथरायची आणि फळ्यावरचा खडू आपोआप सरकायचा. सर आम्हाला नावानं कधी हाक मारत नसत. ज्या क्रमानं पोरं क्लासला आली त्या क्रमानं नंबर, आणि तोच नंबर म्हणजे नाव. एक नंबर सरांचा सख्खा भाचा. एकानं कशालाही भागलं तरी बाकी उरत नाही, त्यामुळं त्या पोराला वर्षभर छडी लागली नाही. बाकीच्यांना लागायची, आणि दर शनिवारी हिशोबानं लागायची.

शनिवारी दुपारी सर एकाला उभं करायचे आणि म्हणायचे, आकडा दे. त्यानं कोणतीही पूर्ण संख्या सांगायची. सर ती फळ्यावर लिहायचे आणि प्रत्येकाच्या नंबरानं तिला भागायचे. बाकी उरेल तेवढ्या छड्या. समजा कुणी शंभर सांगितले. दोन, चार, पाच, दहा, वीस, पंचवीस ही मंडळी मोकळी. तीनला एक छडी, सातला दोन आणि सदतीसला सव्वीस. छडी म्हणजे मागावरची मोडकी लाकडी काठी, एका टोकाला चिंध्या गुंडाळलेली. चिंध्या सरांच्या हाताला लागू नये म्हणून.

नियम मोजकेच होते. आकडा पाठ सांगायचा, कागद चालणार नाही. आकडा फळ्याच्या एका ओळीत मावला पाहिजे. सरांचं अक्षर जोंधळ्याच्या कणसाएवढं मोठं, त्यामुळं एका ओळीत सोळा अंक मावायचे, सतरावा नाही. आणि शून्य द्यायचं नाही. एकानं हुशारी करून ते दिलं होतं. शून्याला कशानंही भागलं तरी बाकी शून्यच, हे सरांनी मान्य केलं आणि त्या पोराला न मोजता मारलं.

मुलींना वेगळी वागणूक नव्हती. त्या एका बाबतीत सर समानता पाळायचे. मुलांना मारायला कायद्यानं बंदी आहे हे आम्हाला शाळेत शिकवलं होतं, परीक्षेत त्यावर दोन गुणांचा प्रश्नही यायचा. पण क्लासचा निकाल चांगला लागायचा आणि आईबाप खूश होते. माझे वडील होटगीला रेल्वेत रुळांच्या कामावर. सहामाहीत माझं गणित गेलं तेव्हा त्यांनी ह्याच क्लासचं नाव काढलं. तिथं मारतात असं मी ऐकलं होतं, ते सांगितलं. ते म्हणाले, दोन फटके बसले तर बसू देत की, पोरगी पास तर व्हईल.

खरी मारामारी मात्र वर्गात नाही, जिन्यावर व्हायची. छडी सर मारत, पण आकडा दिलेला असायचा आपल्यातल्याच एकानं. मग ज्याला जास्त बाकी आली तो आकडा देणाऱ्याला जिन्यावर गाठायचा. हे सगळ्यांनी मान्यच केलेलं होतं. एकाचा पुढचा दात त्या जिन्यावर पडला. एकाच्या मांडीत करकटक घुसवलं होतं. आणि आकडा देणाराही काही साधुसंत नसायचा. ज्याच्याशी वैर त्याच्या नंबराला जास्तीत जास्त बाकी उरेल असा आकडा तो आठवडाभर शोधायचा. विभाज्यतेच्या कसोट्या आमच्या क्लासला जेवढ्या पाठ होत्या तेवढ्या साऱ्या सोलापुरात कुणाला नसतील. मनापासून शिकायला आमच्याकडं कारण होतं.

सगळ्यात जास्त हाल मोठ्या मूळ संख्यांचे. चोवीस किंवा छत्तीस नंबरवाल्याला बरेच आकडे सुटायचे. तेवीस, एकोणतीस, एकतीस आणि सदतीस ह्यांना क्वचितच काही सुटायचं. सदतीस ही एक बारीक, काळीसावळी मुलगी होती. घरी तेलुगू बोलायचे. बाप मागावर, आई विड्या वळणारी. शाळा-क्लास उरकला की ती मांडीवर सूप घेऊन आईशेजारी बसायची आणि संध्याकाळचा वाटा वळायची. बोटं सुजली की पान नीट गुंडाळलं जात नाही, विडी फुसकी होते, कारखान्यात ती बाजूला काढतात. मग आईचा मार. म्हणजे शनिवारची बाकी तिला दोनदा मिळायची, एकदा क्लासमध्ये आणि एकदा घरी. तिची उजवी तर्जनी मी पाहिली तेव्हाच वाकडी झालेली होती.

मी दिवाळीनंतर क्लासला गेले. पहिलाच दिवस शनिवार निघाला. होटगीहून बसनं सात रस्त्याला उतरले, तिथून सहा आसनी रिक्षात दाटीवाटीनं बसून आले. सरांनी दारातच फी घेतली आणि म्हणाले, तू एक्केचाळीस. मी मागच्या बाकावर जाऊन बसले. माझ्याकडं कुणी पाहिलंसुद्धा नाही, कारण सगळा वर्ग सदतीसकडं बघत होता. त्या दिवशी आकडा द्यायची पाळी तिची होती.

ती उभी राहिली आणि मोबाइल नंबर सांगावा तसा दोन-दोनच्या जोड्यांनी आकडा सांगत गेली. त्रेपन्न, बेचाळीस, त्र्याण्णव, चौदा, सत्तावन्न, शून्य सहा, बत्तीस, शून्य शून्य. फळ्यावर ओळ काठोकाठ भरली.

५३४२९३१४५७०६३२००.

सरांनी भागायला सुरुवात केली. सर भागाकारात वाघ होते, तोंडीच करायचे, हे मान्य केलंच पाहिजे. दोनला बाकी नाही. तीनला नाही. सातला नाही, अकराला नाही. तेरा, सतरा, एकोणीस, कुणालाच नाही. तेवीसपाशी ते थांबले आणि पुन्हा मोजलं. नाही. एकोणतीस आणि एकतीस फळ्यावर मांडून केले. नाही. सदतीसची बाकी शून्य आली तेव्हा ती खाली बसली आणि तिनं दोन्ही हात काखेत घातले. चाळीसपर्यंत एकालाही बाकी उरली नाही.

हा आकडा तिनं कसा बांधला हे मला नंतर कळलं. सगळ्या नंबरांचा गुणाकार केला असता तर तो एका ओळीत काय, सगळ्या फळ्यावर मावला नसता. म्हणून तिनं प्रत्येकाकडून फक्त जे आधी आलेलं नाही तेवढंच घेतलं. दोन घेतला, तीन घेतला. चारसाठी अख्खा चार कशाला, एक दोन आधीच आहे, अजून एक दोन पुरे. सहाकडून काहीच नाही, त्याचे दोन आणि तीन दोन्ही आत आलेले. सात पूर्ण घ्यायचा, आठकडून पुन्हा एक दोन, नऊकडून एक तीन. असं करत चाळीसपर्यंत. चाळीसही नंबरांनी नि:शेष भाग जाईल असा हा सगळ्यात लहान आकडा. मोबाइलवर एवढा मोठा गुणाकार शेवटी पुरा न दिसता भलत्याच चिन्हात दिसायचा, म्हणून तिनं तो घरी ओट्यावर कोळशानं केला होता आणि पाठ करून पुसून टाकला होता.

पोरं बाकांवर उभी राहिली. कुणी शिट्टी मारली. सर फळ्याकडं तोंड करून उभे होते, त्यांची मान लाल झाली होती. एवढी सजवलेली दुपार हातातून गेलेली. मग ते वळले आणि त्यांची नजर मागच्या बाकावर आली.

"एक्केचाळीस राहिली," ते म्हणाले.

एक्केचाळीसही मूळ संख्याच. तो आकड्यात नव्हता, असणारही नव्हता, कारण आकडा बांधला तेव्हा मी क्लासमध्ये नव्हते. बाकी पंधरा आली. सदतीस उठून काहीतरी बोलायला लागली की ही आजच आली आहे, हिला धरू नका. सर म्हणाले, आकडा तुझा, बाकी तिची. मला पद्धतसुद्धा माहीत नव्हती. हात पुढं कर म्हणाले, मी केला. पाचव्या छडीला माझ्या तोंडून घाण शिवी गेली, रेल्वेच्या वस्तीत वाढल्यावर ती तोंडात असतेच. सरांनी ती ऐकली आणि पुढच्या दहा छड्या दातओठ खाऊन दिल्या. चाळीस जण शांतपणे बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद अजून पुरता उतरला नव्हता. सरांपेक्षा मला त्या चेहऱ्यांचा राग आला, आणि तो अजून आहे.

जिन्यावर पोरांनी गोल केला आणि सदतीसला माझ्यापुढं ढकललं. घे की, तुझा हक्क हाय, एकजण म्हणाला. माझी मूठ वळत नव्हती. मी दप्तर फिरवलं, आत स्टीलचा डबा होता, तो तिच्या खांद्यावर बसला. ती पडली, उठली आणि म्हणाली, पुढच्या शनिवारपर्यंत तुलाबी आत घेते.

तिनं खरंच घेतलं. जुन्या आकड्याला एक्केचाळिसानं गुणलं. पण आता आकडा अठरा अंकी झाला. तो तिनं पुढच्या शनिवारच्या पोराकडून घोकून घेतला. पोरगा सांगत गेला, सर लिहीत गेले आणि सोळाव्या अंकाला फळा संपला. शेवटची दोन शून्यं उरली होती. पोरगा म्हणाला, सर, फक्त शून्यंच आहेत. सरांनी खडू ठेवला आणि मावला तेवढाच आकडा भागायला घेतला. दोन शून्यं गेली म्हणजे शंभरचा भाग गेला. पाचाच्या पाढ्यातले सगळे आणि वर सोळा आणि बत्तीस, एवढ्यांना बाकी आली. मी मात्र सुटले. त्या दिवशी जिन्यावर आकडा देणाऱ्या पोराचं मनगट मोडलं.

त्यानंतर वर्गानं ठरवलं. माझ्यासमोरच ठरवलं, बऱ्या शब्दांत, लग्नाची तारीख ठरवावी तसं. पहिला आकडाच चालू ठेवायचा. तो सगळ्यांना पाठ झालाय, चाळीस जण वाचतात. एकटीवर भागतंय म्हटल्यावर उगाच प्रयोग कशाला. मग शनिवारी कुणीही उभं राहिलं की त्रेपन्न, बेचाळीस, त्र्याण्णव सुरू व्हायचं. सर आता भागतही नसत. काठी घेऊन थेट मागच्या बाकाकडं यायचे. त्यांनाही ही सोय पटली असावी, कारण एकीला मारायचं तर दम लागत नाही. जिन्यावर आता कुणी कुणाला मारत नव्हतं. पोरं हसतखेळत उतरायची आणि माझ्यासाठी वाट मोकळी करून द्यायची.

मला लिहिता येईना. बसमध्ये दांडी धरता येईना. वडिलांना हात दाखवला तर ते म्हणाले, मार्चपर्यंत कळ काढ. त्या रात्री मी जेवले नाही आणि त्यांच्याशी पुढं बरेच दिवस बोललेही नाही.

सदतीसचे हात मात्र ह्या दिवसांत सुधारले. सूज उतरली, ती पुन्हा भराभर विड्या वळू लागली होती. एकदा क्लास सुटल्यावर ती माझ्याबरोबर रिक्षा थांब्यापर्यंत आली आणि स्वतःहून बोलली. म्हणाली, सोळा अंकांत एक्केचाळीस जण बसतच नाहीत, मी सगळं करून बघितलं. एक कुणीतरी बाहेर राहणारच. आणि बाहेर ठेवता येतील असे पाचच आहेत, तेवीस, एकोणतीस, एकतीस, मी आणि तू. दुसऱ्या कुणाला काढून भागत नाही, आकडा मावतच नाही.

मी विचारलं, तुला बाहेर ठेवलं तर किती बसतात.

"आठ," ती म्हणाली. "आठच बसतात. मला पयल्यापासनं म्हाईत हाय. मी कुणालाच सांगितलं न्हाय."

मी तिच्या कानाखाली वाजवली. भर रस्त्यात, रिक्षावाले बघत होते. सुजलेल्या हातानं मारलं म्हणून मलाच जास्त लागलं. दुसरी मारायला हात उचलला तर तिनं अडवला नाही. तिनं फक्त विचारलं, तुझी पाळी कधी आहे. मी म्हणाले, ह्या शनिवारी.

"मग आपलाच आकडा दे," ती म्हणाली. "फक्त एक कमी कर."

मला लगेच समजलं नाही. तिनं समजावून सांगितलं. सगळ्या नंबरांनी नि:शेष भाग जाणारा आकडा. त्यातून एक काढला की प्रत्येकाला एक कमी पडतो, म्हणजे प्रत्येकाची बाकी जास्तीत जास्त होते. दोनला एक, तीनला दोन, दहाला नऊ, चाळीसला एकोणचाळीस. ह्याहून मोठी बाकी कुणाला येऊच शकत नाही. जो आकडा सगळ्यांना वाचवतो त्याच्या अगदी शेजारी हा आकडा बसलेला असतो. आणि तुला? मी मोजलं. पंधरातला एक गेला, चौदा. मी म्हणाले, तुला छत्तीस बसतील. ती म्हणाली, मला भागाकार येतो.

मी विचारलं, का. ती म्हणाली, एकीला मारायला सर म्हातारे होईपर्यंत थकायचे न्हाईत. सगळ्यांना मारू दे त्यांना.

शनिवारी मी उभी राहिले. त्रेपन्न, बेचाळीस, त्र्याण्णव सुरू झालं तशी पोरं नेहमीसारखी सैल बसली. चौदा, सत्तावन्न, शून्य सहा. मग मी म्हणाले, एकतीस, नव्याण्णव. शेवटचे नऊ लिहिताना सरांचा हात थांबला. त्यांना लगेच कळलं. गणित त्यांना खरंच येत होतं. वर्गाला कळायला दोनला एक, तीनला दोन, चारला तीन एवढं व्हावं लागलं. मग कुजबुज झाली, मग बाजूच्या बाकावरून माझ्या मानेवर कंपासपेटी येऊन आदळली.

सर थांबू शकले असते. पण नियम त्यांचाच होता आणि चाळीस पोरं बघत होती. त्यांनी बाह्या सरसावल्या. दहापर्यंत काहीच वाटलं नाही. वीसपर्यंत शर्ट पाठीला चिकटला. पोरं रडत होती, पहिलीतल्या पोरांसारखी भोकाड पसरून रडत होती, मिशा फुटलेली पोरंसुद्धा. पंचवीसला सरांनी काठी डाव्या हातात घेतली. तिथं नेम नव्हता, मनगटावर, कोपरावर, एकाच्या कानावर बसली आणि रक्त आलं. तेहतीस पळून गेला, चपला टाकून, आणि पुन्हा कधीच क्लासला आला नाही. काठीच्या चिंध्या सुटून लोंबत होत्या. सर मध्येच टेबलाला टेकायचे, खोकायचे आणि पुन्हा मोजायला लागायचे. मला काय वाटत होतं ते सांगते. मला बरं वाटत होतं. प्रत्येक छडीला बरं वाटत होतं, सदतीसचा नंबर येईपर्यंत.

ती पुढं गेली आणि दोन्ही हात एकदम समोर धरले. छड्या ती स्वतः मोजत होती, मोठ्यानं, सरांचा आवाज केव्हाच गेला होता. तेरा. चौदा. मारणाऱ्याचा जोर गेला होता, पण तिच्या हातांना आधीच्या सगळ्या शनिवारांचा मार होता. अठराला तर्जनी फुटली. एकोणीस म्हणाली आणि पुढची छडी आलीच नाही. सर काठीवर भार देऊन उभे होते, तोंड उघडं, आणि त्यांचा उजवा हात आपोआप हलत होता.

"सर, अजून सतरा," सदतीस म्हणाली.

सरांनी काठी टेबलावर ठेवली आणि ते जिना उतरून गेले.

पुढच्या शनिवारी त्यांनी आकडा मागितला नाही, नंतरही कधी मागितला नाही. हात उगारणं सुटलं नाही, पण मोजून मारणं सुटलं. जिन्यावर त्या दिवशी सगळा वर्ग माझी वाट बघत होता, पण मार खाल्लेल्यांतल्या एकाचीही मूठ वळत नव्हती. त्यांनी लाथा घातल्या. दोन बरगड्या महिनाभर दुखत होत्या, आणि तो मार मला बाकी कुठल्याही मारापेक्षा सोपा गेला.

पण हे सगळं नंतरचं. सर उतरून गेले तेव्हा खोलीत फक्त खालच्या मागांचा आवाज होता. एक नंबर, अडतीस, एकोणचाळीस, चाळीस आणि मी, आमचे हात कोरडे राहिले होते. सदतीस तशीच फळ्यासमोर उभी होती, हात समोर धरून, तळवे वर. रक्त मनगटावरून कोपराकडं चाललं होतं. कुणीतरी म्हणालं, बस की आता, गेले ते. ती हलली नाही. ती दाराकडं बघत होती. मी बाकावरून उठले, तिच्यापाशी गेले आणि तिचे हात खाली घ्यावेत म्हणून बोटं धरली. एकोणीस छड्यांत तिनं आवाज काढला नव्हता. माझा हात लागला तेव्हा ती किंचाळली.